कारखान्याची परवानगी आणि अकरावीची मुलं: बर्कलीचं प्रकरण

१९९२ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने एका औषध कंपनीशी तीस वर्षांचा करार केला. कंपनीचं नाव माइल्स. मालकी बायर या जर्मन कंपनीची. १९९५ मध्ये नावही बायरच झालं. शहराच्या पश्चिम टोकाला, रेल्वेमार्गालगत, खाडीपासून जवळच तिचं मोठं आवार होतं आणि तिथे तिला टप्प्याटप्प्याने नव्या इमारती उभ्या करायच्या होत्या. दर इमारतीला नवी परवानगी, नवी सुनावणी, नवा विरोध हे तिला नको होतं. पुढच्या तीस वर्षांत कुठे, किती आणि काय बांधता येईल ते एकदाच ठरवून हवं होतं. शहराने ते दिलं. बदल्यात जे मागितलं त्यात एक गोष्ट अशी होती की गावातल्या शाळकरी मुलांना जैवतंत्रज्ञानातल्या कामासाठी तयार करण्याला कंपनीने पैसा द्यायचा.

त्यातून १९९३ मध्ये बर्कली बायोटेक्नॉलॉजी एज्युकेशन ही ना-नफा संस्था उभी राहिली. पुढे तिने बायोटेक पार्टनर्स असं नाव घेतलं.

कारखाना येतो तेव्हा गाव काय मागतं? बहुतेक वेळा नोकऱ्यांचा आकडा मागतं. बर्कलीने नुसत्या आकड्यावर समाधान न मानता नोकरीपर्यंत पोचण्याची वाट मागितली. या दोन मागण्या ऐकायला सारख्या वाटतात, पण त्यांचा परिणाम फार वेगळा होतो. हे प्रकरण इतक्या तपशिलाने मांडायचं ते एवढ्यासाठीच.

टेकडी आणि सपाटी

बर्कली म्हटलं की विद्यापीठ डोळ्यांपुढे येतं. पण शहर दोन भागांत राहतं. पूर्वेला टेकड्या आहेत. तिथे प्राध्यापकांची, वकिलांची, खाडीचा देखावा दिसणारी घरं. पश्चिमेला उतरत गेलं की सपाट भाग लागतो. छोटी घरं, गोदामं, कारखाने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रिचमंड आणि ओकलंडच्या जहाजबांधणीच्या कामावर अमेरिकेच्या दक्षिणेतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं आली आणि सपाटीवर स्थिरावली, कारण टेकडीवर त्यांना कुणी घर देत नव्हतं. १९६८ मध्ये बर्कलीने कोर्टाच्या आदेशाची वाट न बघता शाळांमधली ही फाळणी मोडायला घेतली. सपाटीवरची मुलं बसने टेकडीवरच्या शाळांत जायला लागली आणि टेकडीवरची खाली यायला लागली. बर्कली हायस्कूल हे शहराचं एकच मोठं सार्वजनिक हायस्कूल, त्यामुळे तिथे तर सगळे एका छताखाली. तरीही विज्ञानाच्या वरच्या वर्गांत कोण बसतं आणि कोण बसत नाही, हा प्रश्न त्या शाळेची पाठ सोडत नव्हता.

दुसरीकडे त्याच परिसरात एक नवा उद्योग जन्माला येत होता. खाडीपलीकडे साउथ सॅन फ्रान्सिस्कोत १९७६ मध्ये जेनेन्टेक सुरू झाली. बर्कलीला खेटून असलेल्या एमरीव्हिलमध्ये सीटस कंपनीत काम करताना केरी मलिस यांना १९८३ मध्ये पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीची, कल्पना सुचली. म्हणजे जैवतंत्रज्ञानाचं माहेरघर सपाटीवरच्या मुलांच्या घरापासून सायकलच्या अंतरावर होतं. पण ज्या जुन्या कारखान्यांत हायस्कूल संपवलेला माणूस हात काळे करून घर चालवू शकत होता, ते एकेक करून बंद पडत होते आणि नव्या इमारतींच्या दारावर पदवी विचारली जात होती. प्रशिक्षणाचा रोख या मुलांवर ठेवला गेला: मुली, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं, कमी उत्पन्नाची कुटुंबं, ज्यांच्या घरातल्या कुणी प्रयोगशाळेत पाऊल ठेवलेलं नाही अशी.

त्या आवारात काय घडून गेलं होतं

माइल्स तिथे येण्याआधी ती जागा कटर लॅबोरेटरीजची होती. कटर कंपनी १९०३ पासून बर्कलीत होती. एप्रिल १९५५ मध्ये पोलिओची लस पहिल्यांदा सर्वत्र द्यायला सुरुवात झाली तेव्हा कटरच्या लसीच्या काही खेपांमधला विषाणू पुरता मारलेला नव्हता. लस घेतलेली मुलं आणि त्यांच्या संपर्कातली माणसं मिळून दोनशेच्या आसपास लोकांना पक्षाघात झाला, १० दगावले. पुढे ऐंशीच्या दशकात आणखी एक आघात झाला. हिमोफिलिया म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार. त्याच्या रुग्णांना लागणारं फॅक्टर ८ हे रक्त गोठवणारं प्रथिन तेव्हा हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून, म्हणजे रक्तातल्या द्रव भागापासून, काढत. कटरसह अनेक कंपन्यांच्या अशा औषधांतून एचआयव्ही पसरला आणि अमेरिकेतल्या हिमोफिलियाग्रस्तांपैकी जवळजवळ निम्म्यांना त्याची लागण झाली.

१९९२ च्या करारामागे याच शोकांतिकेवरचं उत्तर होतं. फॅक्टर ८ चं जनुक १९८४ मध्ये वेगळं केलं गेलं. हे प्रथिन दोन हजारांहून जास्त अमिनो आम्लांचं, शर्करेच्या साखळ्या लागलेलं, इतकं मोठं आणि गुंतागुंतीचं आहे की ते जिवाणूंकडून धड बनवून घेता येत नाही. सस्तन प्राण्यांच्याच पेशी लागतात. बर्कलीत हॅमस्टरच्या किडनीपासून आलेल्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवायच्या आणि त्यांनी बाहेर सोडलेलं प्रथिन सतत काढून घेत राहायचं, अशी पद्धत बसवली गेली. कोजेनेट या नावाने त्या औषधाला १९९३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून न काढलेला फॅक्टर ८.

आता हे काम रोज करतं कोण? टाकी एकदा सुरू झाली की महिनोन् महिने चालते. पेशींना रोज ताजं खाद्य जातं, रोज नमुना काढला जातो, तापमान, आम्लता आणि ऑक्सिजनवर नजर ठेवावी लागते. एका निष्काळजी हाताने एक जिवाणू आत गेला तर सगळं फेकून द्यावं लागतं. हे करणाऱ्या माणसाला डॉक्टरेट लागत नाही. त्याला स्वच्छ हात लागतात, नेमका हिशेब लागतो आणि चूक झाली तर ती लपवायची नाही एवढी हिंमत लागते. ज्या आवाराने १९५५ पाहिलं, तिथे या तिसऱ्या गोष्टीचं मोल कुणाला वेगळं सांगायला नको.

पिपेट, पेन आणि पगार

मुलं अकरावीत येतात तेव्हा सुरुवात होते. शाळेतच जैवतंत्रज्ञानाचा वर्ग असतो. मायक्रोपिपेट, म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून घेणारं उपकरण, धरायला शिकायचं, त्याच्या दट्ट्याचा पहिला आणि दुसरा थांबा अंगठ्याला ओळखू यायला हवा. जेल ओतायचं, त्यातून वीज सोडून डीएनएचे तुकडे वेगळे करायचे. जिवाणू वाढवताना झाकण किती उघडायचं आणि किती वेळ, ते हाताला बसवायचं. दहापट तीव्र बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) असेल तर एक लिटर कामाचं द्रावण करायला १०० मिलिलिटर बफर आणि ९०० मिलिलिटर पाणी, हे गणित सातवीतलं आहे. पण वर्गात बरोबर सोडवणारं मूल बाटली हातात आल्यावर गोंधळतं. तो गोंधळ कामावर जाण्याआधी शाळेत संपला तर बरं.

याच्या जोडीला नोंदी. औषध उद्योगात सगळीकडे एक नियम ऐकू येतो: लिहिलं नाही म्हणजे केलंच नाही. शाईच्या पेनाने लिहायचं, पेन्सिल चालत नाही, पांढरी शाई तर नाहीच. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता यायला हवं, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख.

यात मी माझं थोडं सांगते. बी.एस्सी. बायोटेक करून मी पुण्याजवळच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागले. कॉलेजच्या तीन वर्षांत माझ्या हातात मायक्रोपिपेट जेमतेम चार-पाच वेळा आलं होतं, कारण वीस जणांच्या बॅचला एक, आणि प्रात्यक्षिक म्हणजे सरांनी करायचं नि आम्ही जर्नलमध्ये उतरवायचं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एक आकडा चुकला म्हणून मी त्याच्यावर गिरवून गिरवून दुसरा लिहिला. शाळेत तेच केलं होतं, कॉलेजात तेच केलं होतं. मॅडमनी वही बाजूला ओढली आणि शांतपणे म्हणाल्या, "अगं, खालचा आकडा वाचता यायला हवा. नाहीतर तू काय लपवलंस असं विचारतील." त्या वाक्याने मला पदवीपेक्षा जास्त शिकवलं. बर्कलीत हेच वाक्य मुलांना सोळाव्या वर्षी ऐकायला मिळतं, हे मला त्या कार्यक्रमातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

मग येते अकरावी आणि बारावीमधली उन्हाळ्याची सुट्टी. मुलं कंपनीत किंवा संशोधन संस्थेत उमेदवारीला जातात, आणि पगारावर जातात. यावर मी जरा थांबणार आहे, कारण बिनपगारी इंटर्नशिप ही आपल्याकडे आणि तिकडेही इतकी सवयीची झाली आहे की तिच्यातला अन्याय दिसेनासा होतो. सपाटीवरच्या घरातलं सोळा-सतरा वर्षांचं मूल सुट्टीत रिकामं नसतं. ते बर्गरच्या दुकानात असतं, किराणा मालाच्या गल्ल्यावर असतं आणि त्याच्या पैशांवर घरातलं काहीतरी अवलंबून असतं. त्याला फुकट शिकायला बोलावणं म्हणजे त्याला न बोलावणं. जिथे पगार नाही तिथे टेकडीवरचीच मुलं येणार. पगार दिला की आईवडीलही ही गोष्ट काम म्हणून ओळखतात, आणि मुलाच्या मनातही पहिल्यांदा बसतं की प्रयोगशाळा ही पगार मिळण्याची जागा आहे.

त्यासाठी मुलांना वर्गात आणखी काही शिकवावं लागतं, जे विज्ञान नाही. अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत कुठे बघून बोलायचं, उशीर होणार असेल तर आधी फोन करायचा, कळलं नाही तर विचारायचं. ज्या घरात कुणी कार्यालयात काम केलेलं नाही तिथे हे आपोआप येत नाही. टेकडीवरच्या मुलाला ते जेवणाच्या टेबलावर मिळतं. कंपनीतही प्रत्येक मुलामागे एक अनुभवी माणूस मार्गदर्शक म्हणून लागतो, आणि त्या माणसाचा वेळ हा या सगळ्यातला सर्वात महाग भाग आहे. पिपेट विकत आणता येतं. स्वतःचं काम सांभाळून, घाई न करता, तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारणाऱ्या मुलाला उत्तर देणारा माणूस विकत आणता येत नाही.

बारावीनंतर वाट कम्युनिटी कॉलेजात जाते. मराठी वाचकासाठी थोडं सांगायला हवं: ही दोन वर्षांची सरकारी कॉलेजं, प्रवेशपरीक्षा नाही, हायस्कूल संपवलेल्या कुणालाही दार उघडं. कॅलिफोर्नियात रहिवाशांना फी २०१२ पासून एका युनिटला (श्रेयांकाला) ४६ डॉलर आहे, आणि गरजूंना तीही माफ होते. ओकलंड-बर्कली भागात पेराल्टा जिल्ह्याची चार कॉलेजं आहेत, ओकलंडचं लेनी आणि बर्कली सिटी कॉलेज त्यांतलीच. तिथे जैवतंत्रज्ञानाचं प्रमाणपत्र करायचं आणि त्याच वेळी कंपनीत पगारी काम करायचं. सकाळी टाकीपाशी, संध्याकाळी वर्गात. बर्कली हायस्कूलपाठोपाठ ओकलंड टेक्निकल हायस्कूलही या वाटेला जोडलं गेलं. फक्त बायरवर भिस्त न ठेवता इतर कंपन्या आणि संशोधन संस्थाही मुलं घ्यायला लागल्या, आणि ते बरं झालं. एकाच दारापाशी नेणारी वाट ते दार बंद झालं की संपते.

काळही अनुकूल होता. १९९२ मध्येच अमेरिकन संसदेने कम्युनिटी कॉलेजांतल्या तंत्रज्ञ-शिक्षणाला पैसा देणारा कायदा केला, त्यातून राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा कार्यक्रम सुरू झाला. १९९४ मध्ये शाळेतून कामाकडे जाण्याच्या वाटांसाठी आणखी एक कायदा झाला. तो २००१ मध्ये संपला. सरकारी योजना आल्या तशा गेल्या. बर्कलीचा कार्यक्रम टिकला, कारण त्याचं मूळ जमिनीवरच्या बांधकामाच्या करारात होतं. बांधकामाची गरज तीस वर्षांची, म्हणून शिक्षणाची हमीही तेवढी दूरवर गेली.

कुठे अडलं

या कार्यक्रमावर माझं मन आहे, म्हणून त्याच्या उणिवाही सरळ सांगायला हव्यात.

पहिली उणीव आकाराची. प्रत्येक मुलामागे एक मार्गदर्शक, प्रत्येकाला पगार, आणि वर शाळेतला शिक्षक, कॉलेजातला शिक्षक, संस्थेचा समन्वयक. अशा रचनेत वर्षाला हजारो मुलं जाऊच शकत नाहीत. शहरात तीन हजारांच्या घरात मुलांचं हायस्कूल असताना त्यातल्या थोड्यांनाच ही संधी मिळणार. मोठं करायचं म्हणून मार्गदर्शक काढून टाकले तर उरतं ते पुन्हा एक वर्ग आणि एक जर्नल.

दुसरी उणीव जास्त खोल आहे. खाडीच्या परिसरात जीवशास्त्राच्या पदवीधरांची कमतरता नाही. विद्यापीठ दोन-तीन मैलांवरच आहे. प्रमाणपत्रवाल्या मुलाला जे काम उत्तम येतं त्याच कामासाठी चार वर्षांची पदवी घेतलेला अर्जदार उभा असतो, आणि माणूस निवडणाऱ्याला पदवी ही सोपी चाळणी वाटते. काम तेच राहतं, जाहिरातीतली अट चढते. त्यातूनही प्रमाणपत्रवाला आत शिरला तरी काही वर्षांनी त्याला भिंत लागते. पर्यवेक्षक व्हायचं तर पदवी हवी. तंत्रज्ञाची नोकरी ही पायरी आहे की पिंजरा, हा प्रश्न अशा प्रत्येक कार्यक्रमापुढे असतो आणि तो टाळून चालत नाही. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या खालच्याच कामावर ठेवलं गेलं त्याच्या मुलांना "तुमच्यासाठी हे लहान काम" असं सांगितल्यासारखं होऊ नये, ही काळजी रास्त आहे.

यावरचं एक चांगलं उत्तर कॅलिफोर्नियातच, पण दुसरीकडे सापडलं. २०१४ च्या कायद्याने काही कम्युनिटी कॉलेजांना चार वर्षांची पदवी देण्याची प्रायोगिक मुभा मिळाली. सॅन डिएगोच्या उत्तरेचं मिराकोस्टा आणि व्हॅकाव्हिलजवळचं सोलानो या दोन कॉलेजांनी जैवउत्पादन हा विषय घेतला. म्हणजे टाकीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला त्याच कामाच्या विषयात, त्याच स्वस्त कॉलेजात, पदवीपर्यंत जाता येतं. २०२१ मध्ये राज्याने ही मुभा कायमची केली. बर्कलीच्या वाटेला अशी पदवी पहिल्यापासून जोडलेली असती तर भिंत लागायच्या आधीच जिना तयार असता.

तिसरी गोष्ट उणीव नव्हे, पण विसरू नये अशी. उद्योग बदलतो. प्लाझ्मा गेला, हॅमस्टरच्या पेशी आल्या. २०१७ पासून हिमोफिलियाच्या उपचारात फॅक्टर ८ न वापरणारी औषधंही आली. २०२३ मध्ये बायरने त्याच बर्कलीच्या आवारात पेशी-उपचारांसाठी नवी इमारत सुरू केली. एका यंत्रावर तयार केलेलं मूल त्या यंत्राबरोबर जुनं होतं. निर्जंतुक हात, नेमका हिशेब आणि खरी नोंद शिकलेलं मूल टिकतं.

मूळ करार २०२२ मध्ये संपायचा होता. डिसेंबर २०२१ मध्ये बर्कलीच्या नगर परिषदेने तो आणखी तीस वर्षं, म्हणजे २०५२ पर्यंत, वाढवायला मान्यता दिली. शहराच्या पदरात पडणाऱ्या लाभांची रक्कम या काळात ३ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास, आणि त्यात विज्ञानशिक्षण आणि रोजगाराचं प्रशिक्षण पुन्हा आहे. तीस वर्षं अनुभव घेतल्यावरही शहराने ही मागणी सोडली नाही, याला मी महत्त्व देते.

आपल्याकडची दोन टोकं

महाराष्ट्रात उद्योगांना सवलती देताना स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्यांची अट जुनी आहे. दुसरीकडे १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. २०१९ च्या बदलानंतर तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घ्यावेच लागतात आणि त्यांना विद्यावेतन द्यावं लागतं. आयटीआयमधून एओसीपी (रासायनिक कारखान्यातला ऑपरेटर) किंवा लॅब असिस्टंट होऊन रासायनिक कारखान्यांत लागलेली मुलं कोकणापासून मराठवाड्यापर्यंत भेटतात; ती उमेदवारीचीच देणगी आहे. म्हणजे आपल्याकडे नोकरीचा आकडा आहे आणि उमेदवारीही आहे. पण लस आणि जैवऔषधं बनवणाऱ्या कारखान्यांच्या जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला बसलेल्या मुलीला त्या दोन्हींशी जोडणारं काही नाही. ती बारावीला नीट परीक्षेच्या मागे लागते, गुण कमी पडले की बी.एस्सी. बायोटेक घेते आणि माझ्यासारखी एकविसाव्या वर्षी पहिल्यांदा वही बघून दचकते.

बर्कलीने केलं ते इतकंच की ती मुलगी सोळाची असतानाच करारात आली. तिचा वर्ग, तिची उन्हाळ्यातली पगारी उमेदवारी, तिच्या शेजारी उभं राहणारं अनुभवी माणूस आणि पुढच्या कॉलेजातली जागा यांची तरतूद बांधकामाच्या नकाशाबरोबरच झाली. आपल्याकडे औद्योगिक वसाहतीत भूखंड देताना पाण्याचा, विजेचा, सांडपाण्याचा हिशेब आधी मांडतात. त्याच कागदावर जवळच्या दोन कनिष्ठ महाविद्यालयांची आणि एका आयटीआयची नावं लिहायला नवा कायदा लागणार नाही.